तांडेलची रजा

कॉम्प्युटर कधी चुकत नाही म्हणता ना, मग हे ऐका. १९९३ साल. मी बोईसरच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होतो. तिथे नवा कॉम्प्युटर आला. कामगाराचा रजेचा अर्ज जसाच्या तसा टाइप करायचा, त्यातून टोकन नंबर, म्हणजे त्या कामगाराचा हजेरीचा नंबर, तो आपला आपण शोधणार. प्रोग्राम आमच्या राऊतचा. टोकन चार आकडी असायचं, म्हणून त्याने सांगून ठेवलं होतं की अर्जात सलग चार आकडे पहिल्यांदा दिसले की तेच टोकन धर.

त्याच आठवड्यात नारळी पौर्णिमा झाली. होड्या समुद्रात उतरणार, म्हणून आमच्याकडची मुरब्याची, म्हणजे जवळच्या कोळ्यांच्या गावची, सगळी पोरं रजेवर गेली. प्रत्येक अर्जावर वरच तारीख, तारखेत साल. कॉम्प्युटरने तेच उचललं. सगळ्यांच्या रजा १९९३ नंबरच्या टोकनवर चढल्या. ते टोकन तांडेलचं.

साहेबांनी त्याला बोलावलं. "इतक्या रजा? नोकरी करायची आहे की नाही?"

तांडेल शांतपणे म्हणाला, "साहेब, मी रोज मशीनवर हाय. मुरब्याचा मी एकटाच कामावर हाय. कोणीतरी मागं पायजे म्हणून माझी रजा तुमीच नामंजूर केली."

राऊतने अर्ज पुन्हा पाहिले आणि काय घडलं ते सांगितलं. साहेब म्हणाले, "बरं, तुझ्या नावावरच्या सगळ्या रजा काढून टाकतो."

तांडेल जागचा हलला नाही.

"काढा साहेब. उद्याची तेवढी ऱ्हाऊ द्या."