दर वेळी एक मत कमी

डॉक्टरांच्या खोलीबाहेर आम्ही तिघंच होतो. बाहेर इतकं धुकं होतं की समोरचं चर्च विरघळल्यासारखं दिसत होतं. सें-व्हेराँ गावचे म्हातारे सरपंच आन्सेल्म आणि त्यांची बायको लेओन्तीन माझ्यासमोर हळू आवाजात बोलत होती.

"काल परत तेच स्वप्न. माझा सरपंचाचा तिरंगी पट्टा वाढत वाढत नदीपर्यंत गेला, आणि त्यावरून बदकं चालली होती."

"पक्षाचा फोन आला की तुम्हाला हेच स्वप्न पडतं."

"सहाव्यांदा उभे राहा म्हणतायत. पक्ष आपला एवढासा, मधोमध बसून उजवीकडे जरा कललेला. पॅरिसात त्याला कोण ओळखतं? आमच्यासारख्या खेड्यातल्या सरपंचांवरच तगून आहे."

"तगू दे की."

"पण मतं किती का पडेनात, आमच्या यादीतल्या इतरांपेक्षा मला दर वेळी एक कमी. एका मतपत्रिकेवर नेमकं माझंच नाव खोडलेलं. तेही मोजपट्टी लावून, सरळ रेघेत."

"अजून डोक्यातून गेलं नाही ते?"

"आपल्या गल्लीतल्या पाववाल्याचंच काम. तीस वर्षं मी त्याच्याशी धड बोललो नाही."

"आता बोला. ती मोजपट्टी माझ्या शिवणाच्या डब्यातली."

"तू? पाचही वेळा?"

"संध्याकाळी तुम्ही घरी असावं, असं वाटायचं."



"यंदा नाव खोडता येणार नाही, लेओन्तीन. नियम बदललाय."

"माहितेय. म्हणून तर तोंडाने सांगतेय."