टोक तेवढं उघडं

दवाखान्याच्या बाकावर पेंगणाऱ्या बाईच्या कानावर शेजारच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोचं बोलणं स्वप्नातल्यासारखं पडत होतं.

"अहो, पेसमेकरची तार थेट माझ्या काळजात घालणार म्हणे. विजेचीच ना ती?"

"अगं, वरून वेष्टण असतं. वाटेत वीज थेंबभरही सांडत नाही."

"आणि टोकाला?"

"टोक तेवढं उघडं. सगळंच झाकलं तर काळजाला कळणार कसं?"

"तुम्ही रेडिओच्या तारा दातांनी सोलायचात, तसं?"

"तसंच."

"किती ओरडायचे मी त्यावरून!"

"दात तुटला, तरी सवय सुटली नाही."

"भीती वाटते हो."

"मलाही."

"अगं बाई! इतकी वर्षं नुसतं वेष्टणच दाखवलंत की मला."

"हात दे इकडे."

"हात सोडा आता. नर्स बोलावतेय."

"थांब जरा."