नातवाच्या नावाचं मतदान

नाही, तुम्हीच सांगा, आयुष्यात एकदा तरी, निदान चुकून, जिंकायला नको का माणसानं? तुम्हाला सांगतो, शाळेच्या शर्यतीत शेवटून पहिला मी, वर्कशॉपात लेथपुढे उभं राहून गुडघे झिजवले मी, अन् फोरमन कोण झाला? ज्याला टूल कसं धरायचं ते मी शिकवलं, तो. परवा मलाच म्हणतो, "काका, लेथवर जॉब जरा नीट मधोमध सेंटर करत जा." आणि माझं नाव काय, तर विजय!

आता घरचे हे नाव पाळण्यातल्या पोराच्या गळ्यात बांधायला निघालेत. मुलीचा मुलगा हो, माझा नातू. जावई मोबाइल उघडून बसले, "बाबा, तुमचं नाव मूळ संस्कृत, जि म्हणजे जिंकणं. लॅटिनात व्हिक्टर, व्हिन्सेंटही त्याच घरातला. ग्रीकांची तर विजयाची देवीच होती, नाइकी, निकोलसमध्येही तीच. अरबीत फतेह, जर्मनांकडे सिगफ्रीड..." म्हटलं, जावईबापू, जगभर एवढे विजय, मग हरतं कोण? मी एकटाच? सगळे हसले. मी विनोद करत नव्हतो.

खरं सांगू? मला त्या पोराची काळजी वाटली हो. असं नाव घेऊन हरलं की लोक दोनदा हसतात, एकदा हरला म्हणून, एकदा नाव आठवून... म्हटलं, काहीतरी साधं ठेवा, रोज पुरावा द्यावा लागणार नाही असं. तर बायको, "अहो, तुमच्या कौतुकानं ठेवतायत ना? मग तोंड कशाला पाडताय?" कौतुक! आणि नाव काय, तर विजय!

आमच्या घरात सगळं हात वर करून ठरतं. ही पद्धत मीच घातली, कुणावर अन्याय नको म्हणून, अन् तेव्हापासून एकही ठराव जिंकलो नाही. समोर बघा, हे हिरवे पडदे. मला हिरवा आवडतो का? विचारलंय कुणी?

तर झालं मतदान. बायको, मुलगी, जावई, हात वर. विरोधात मी. तेवढ्यात पाळण्यात ते पोर झोपेत आळस देतं काय, इवलीशी मूठ वर करतं काय, अन् जावई म्हणतात, "हेही मत मोजा." मोजलं हो! माझ्याच नावासाठी मतदान, अन् पडलो मी... चला, या नावाचा एक तरी माणूस घरात जिंकला. माझ्याविरुद्ध जिंकला, पण जिंकला.