बाटलीतले जीव

इस्लामपूरच्या घरात समुद्र आणायचं खूळ माझंच, हे आधी कबूल करतो. काच मापानं कापून घेतली, खारं पाणी तयार केलं, प्रवाळ बसवले, मासे सोडले. शेवटी टाकीत सोडायला डोळ्यांना जेमतेम दिसणारे जिवंत किडे मागवले. समुद्रातले जीव ते, गोड्या पाण्यात गेले की मेलेच.

त्यांची बाटली आली तेव्हा मी कामावर होतो. घरी येतो तर ओट्यावर बाटली रिकामी आणि शेजारी पाणी गाळायचं फडकं वाळत घातलेलं. आम्ही जैन. घरात आलेलं पाणी आई गाळल्याशिवाय ठेवत नाही, आणि फडक्यात राहिलेले जीव परत परसातल्या विहिरीत सोडते.

"आई, बाटलीतलं पाणी कुठाय?"

"गाळलं की. लय किडं व्हतं रं त्यात."

"विहिरीत सोडलेस?"

"खुळा हाईस काय? हाताला मीठ लागलं. ज्या पाण्यातलं, त्याच पाण्यात सोडायचं. तुज्या टाकीत सोडलं."

मी बाटली उचलून वाचली. बाटलीवर छापलं होतं: पाणी ओतू नये, गाळून फक्त किडे टाकीत सोडावेत.

आई टाकीपाशी गेली ती तिथनं हलेना. "कसं पळत्यात बघ. वाचलं बिचारं. आन तुजं मासं काय खात्यात रं?"

"गोळ्या," मी म्हणालो.

ते किडे माशांसाठीच मागवलेत, हे अजून सांगितलेलं नाही. ती रोज टाकीपुढं बसते. तिच्यादेखत माशानं तोंड उघडू नये म्हणून मीही शेजारी बसतो.