वादळातलं शून्य

—नाही हो साहेब, मशीन बिघडलं नव्हतं! तिसऱ्यांदा विचारताय. ऐका ना, घरघरतंय की नाही व्यवस्थित? अकरा वर्षं रोज सकाळी मी याची चकती बदलते — ही पांढरी, कागदासारखी. समुद्रावरची हवा हिच्यातून ओढली जाते, मीठ चकतीवर राहतं, मग पाकिटात घालून, तारीख टाकून तुमच्याकडे. बाकीचं डोकं तुम्ही चालवायचं. तसं मलाही कळतं हं थोडंफार — लाट फुटली की बुडबुडे फुटतात, मिठाचे कण उडतात, त्यांच्यावर वाफ बसते, ढग होतो. कण भरपूर, तर ढग पांढराशुभ्र, ऊन परत वर. कण कमी, तर ऊन थेट आपल्या डोक्यावर. आधीच्या साहेबांनी समजावलं होतं. ते बोलायचे माणसांशी.

मग दोन वर्षांपूर्वीच्या वादळात लाटा या खिडकीवर आपटत होत्या, त्या तीन दिवसांत मीठ शून्य कसं, म्हणताय? — बरोबर आहे. पण त्यावर तुम्ही अख्खा लेख लिहिलात! पावसानं मीठ धुऊन नेलं म्हणे! दोन वर्षांत एक फोन नाही, आणि आता कुणीतरी शंका काढली तेव्हा धावत आलात.

धुतलं-बितलं काही नाही. चकत्या लावल्याच नव्हत्या. तिन्ही कोऱ्याच पाकिटात घातल्या, तारखाही आधीच टाकल्या — थांबा, बोलू द्या. माझी आत्या इस्पितळात होती. आई गेल्यावर तिनंच वाढवलं मला. रजेचा अर्ज तीनदा केला. उत्तर काय? ‘बदली माणूस नाही, नोंदीत खंड नको.’ खंड नको! मग मी काय करायचं होतं? गेले शेवटच्या बसनं. आणि ती मला बघून म्हणते, “अगं, एवढ्या वादळात मशीन कुणावर टाकून आलीस?” म्हटलं, “आलाय एक बदली माणूस.” तिच्याशीही खोटंच बोलले. तिसऱ्या दिवशी गेली. हात माझ्या हातात होता. मशीन सोडून गेल्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही — वाईट वाटतं ते त्या एका वाक्याचं... जाऊ दे. तुम्हाला कशाला सांगतेय मी हे?

नोकरी घ्या हवी तर. पण तिथं शून्य ठेवू नका. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. ‘मोजलं नाही’ असं लिहा. कारण? लिहा — बदली माणूस नव्हता. आणि उठा आता, आजची चकती बदलायला त्या स्टुलावर चढायचंय मला.