वरच्या खोलीचा कूलर

नाव : श्यामकांत बळवंत देवस्थळी. वय : ७४ वर्षे. व्यवसाय : केंद्र सरकारी नोकरीतून सेवानिवृत्त, सेक्शन ऑफिसर. राहणार : मयूर विहार फेज एक, तिसरा मजला, दिल्ली. घरातील इतर माणसे : कोणी नाही.

समक्ष विचारल्यावरून लिहून देतो की, मी वरील पत्त्यावर अडतीस वर्षे राहतो. पत्नी अलकनंदा चार वर्षांपूर्वी वारली. मुलगा श्रीरंग गुरुग्रामला असतो, सवड मिळाली की फोन करतो. माझे हिंदी बरे आहे, पण हिंदीत मी ऑफिसातल्यासारखा बोलतो आणि सुटतो. म्हणून हवालदार साहेबांच्या परवानगीने मराठीत, माझ्याच अक्षरात लिहीत आहे.

माझ्या फ्लॅटच्या वर गच्चीला लागून एक खोली आहे, ती भाड्याने देतो. आधीच्या भाडेकरूंच्या वेळी तिथे एसी होता. ते गृहस्थ दोन वर्षे राहिले, दार कायम बंद. गेले तेव्हा चावी लेटरबॉक्समध्ये टाकून गेले, मला चौथ्या दिवशी कळले. त्यानंतर मी तो एसी विकून टाकला आणि खिडकीत कूलर बसवला.

मागच्या सप्टेंबरपासून तिथे कु. मीनाक्षी दिनकर खानझोडे, वय २७, राहते. मूळची नागपूरची, इथे सरकारी कार्यालयात नोकरी. मला काका म्हणते. हिवाळ्यात हीटर लावून दार बंद असे, ते तीन महिने मला फार जड गेले. कूलरला मात्र दार उघडे ठेवावे लागते, नाहीतर खोली दमट होते. त्यात पाणी रोज दोनदा भरावे लागते. पाइप माझ्या बाथरूममधून वर जातो. मी खाली नळ सोडतो, ती वर पाइप धरते आणि टाकी भरली की ओरडते, "बस्स काका!" दिवसभरात माझ्याशी कोणी बोलले तर तेवढेच.

एप्रिलमध्ये ती म्हणाली, "काका, एसी लावू या ना, प्लीज. वरती स्लॅब नुसता तापतो."

मी म्हणालो, "मीटरचा लोड कमी आहे. वाढवायला अर्ज केलाय, फाइल पेंडिंग आहे."

तीही सरकारी नोकर. "अच्छा, मग वेळ लागणारच," म्हणाली. नंतर दोनदा विचारले, मी दोन्ही वेळा तेच उत्तर दिले.

दि. १८ जून रोजी सकाळी साडेसातला टाकी भरली. नंतर ती ऑफिसला गेली, असे मी धरून चाललो. ती अंगात ताप असल्याने घरीच होती, हे मला माहीत नव्हते. चारच्या सुमारास जिन्यात कूलरचा कोरडा आवाज आला. बंद करायला विसरली असेल म्हणून वर गेलो. दार उघडे होते. टाकी रिकामी, पंखा गरम हवा फेकत होता. मीनाक्षी जमिनीवर पडलेली, अंग तापलेले, मला ओळखत नव्हती. खाली जाऊन नळ सोडला, वर पाइप ओढून तिच्या अंगावर पाणी धरले, ११२ ला फोन केला. रुग्णवाहिका बावीस मिनिटांनी आली. ती बावीस मिनिटे मी नळ सोडून वर बसलो होतो, पण "बस्स" म्हणायला कोणी नव्हते.

आज ती रुग्णालयात शुद्धीवर आहे. तिने आपल्या जबाबात, काकांचा दोष नाही, लोडची फाइल पेंडिंग होती, असे सांगितल्याचे हवालदार साहेब म्हणाले. त्यावर माझी सही घेऊन ते मला घरी सोडणार होते.

तरी लिहून देतो की, अशी कोणतीही फाइल नाही. मी अर्ज केलेला नाही. मीटरचा लोड एसीला पुरेसा आहे, पूर्वी तिथे एसी चालत होताच. एसी आला की दार बंद होईल, एवढ्यासाठी मी खोटे बोललो. मला लाज वाटते. तिचे वडील आज नागपूरहून येत आहेत. हे त्यांना वाचायला द्यावे. ती खोली सोडेल, हे मला ठाऊक आहे.

जबाब वाचून दाखवावा लागतो. ठाण्यात मराठी वाचणारे कोणी नसल्याने मीच तो मोठ्याने वाचला. हवालदार साहेबांना सगळा कळला नसेल, पण त्यांनी समोर बसून शेवटपर्यंत ऐकून घेतला. माझ्या सांगण्याप्रमाणे तो बरोबर आहे.

सही/-
श्यामकांत ब. देवस्थळी