वाळवीला दिलेलं कपाट

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या या प्रयोगशाळेच्या बाई, आणि समोर बसलेल्या लेकरांनो, सगळ्यांना या आजीचा नमस्कार. माझं शिक्षण दुसरीपर्यंत. नातीने भाषण लिहून दिलं होतं, पण चष्मा घरी राहिला. आता तुमची सुटका नाही!

माझी नात इथे वाळवीचा अभ्यास करते. मी म्हटलं, "अगं, मारायची सोडून पाळतेस कसली?" तर म्हणे, "आजी, लाकूड वाळवी पचवत नाही, तिच्या पोटातले जंतू पचवतात." घ्या! नाव सासूचं आणि राबते सून, तसंच की!

पण पोरगी पडली स्वच्छतेची, माझ्यावर गेलीय. प्रत्येक पिल्लाला वेगळी, धुतलेली काचेची वाटी. पिल्लं लाकूड खायची आणि तरी उपाशी मरायची. का बरं? बाईंनी ओळखलं. ही पिल्लं कात टाकतात, तेव्हा पोटातले जंतूही जातात. मग घरातल्या मोठ्यांनी ते पुन्हा भरवायचे असतात. कुठून भरवतात ते विचारू नका, पाहुणे बसलेत! एकट्याला कोण भरवणार? हे कळेपर्यंत इथली सगळी वाळवी संपली, नातीचा अभ्यास अडला.

तसलीच वाळवी माझ्या कपाटात होती. आमचे हे सुतार; त्यांच्या हातचं ते शेवटचं काम. औषध मारणारा दारात येऊन उभा. नातीच्याने मागवेना, माझ्याने देववेना. तेवढ्यात बाई आल्या. कपाटाशी जमिनीवरच बसल्या, दारावरून हात फिरवला. म्हणाल्या, "आजी, हे न्यावं लागेल, फोडावंही लागेल. नाही म्हणालात तर हिला दुसरा विषय देईन. राग नाही."

मी म्हटलं, "बाई, पोखरलेलंच ना ते आता?"

"पोखरलेलं आहे, पण अजून जेवू घालतंय हो."

आमच्या ह्यांनी दारातून कुणाला उपाशी जाऊ दिलं नाही. म्हटलं, "न्या."

नातीचा अभ्यास पुरा झाला. आता नवी पोरं आली, की ती त्यांना वेगळं टेबल देत नाही, आपल्या शेजारी बसवते. हे कुणी भरवलं तिला, सांगायला हवं का?

बाई, त्या कपाटाचा एक खण मी मागे ठेवला होता. तो आणलाय. घाबरू नका, चांगला उन्हात तापवलाय. त्यात चष्मा ठेवत जा. रिकामपणी माणूस तोच शोधत बसतो.

इतका वेळ ऐकलंत, उपकार झाले. काही वेडंवाकडं बोलले असेन तर पोटात घाला. पचेल तुम्हाला.